माझं मरण छापा

तंजावूर,
२८ जानेवारी १९९६

चि. अखिला,

आशीर्वाद शेवटी देतो, आधी भांडण.

तुझं पत्र दारापुढच्या तिण्णैवर बसून मोठ्याने वाचलं. मनातल्या मनात वाचणं मला कधी जमलं नाही. बाजूला रघुपती बसले होते, आत तुझी काकू ऐकत होती. रेक्याविकचा बर्फ, जमिनीतल्या वाफेवर वीज करण्याचं कार्तिकचं काम, दुपारीच पडणारा अंधार, सगळं छान लिहिलंस. पण तुझ्या घरमालकिणीचा मजकूर आला आणि माझं डोकं तापलं.

ही हिल्दुरबाई तुमच्या डोक्यावर वरच्या मजल्यावर राहते. कादंबर्‍या लिहिते, कविता लिहिते, तिच्या देशात तिला सगळे ओळखतात. आणि ती चार वर्षं एक ओळ लिहीत नाही. का, तर तिने लिहिलेलं खरं होतं! होडी माणसांवाचून परत आली अशी कविता केली, आणि वर्षाच्या आत तिच्या सख्ख्या भावाची होडी तशीच परत आली. कादंबरीत डोंगरावरचा बर्फ कोसळून एक घर गाडलं गेलं, आणि पुढे तिच्याच गावात ते घडलं. आता गावकरी तिला पाहून रस्ता बदलतात. अशा कवीला त्यांच्या भाषेत शब्दच आहे म्हणतेस, क्राफ्तास्काउल्द, ज्याच्या कवितेत माणसाचं बरंवाईट करण्याची शक्ती असते तो. आणि हे ती बाई स्वतः मानते!

अग, होड्या बुडतात त्या किनार्‍यावर जन्मलेली बाई होडीवर लिहिणार नाही तर काय आगगाडीवर लिहील? बर्फाच्या डोंगराखाली राहणार्‍याला काय स्वप्नात नारळ कोसळताना दिसतील? तिने भविष्य लिहिलं नाही. लहानपणापासून जी भीती गिळली ती लिहिली. गावाने तिचे आभार मानायला हवे होते.

आपल्याकडे तरी वेगळं काय आहे? तमिळ कवी रागावून ‘अरम्’ गायला की ऐकणारा जळून मरतो, असं इथले शिकलेले लोक सांगतात. आपल्या मराठी घरांत वाईट बोलायची सोय नाही, वास्तू ‘तथास्तु’ म्हणते. तुझी काकू तर ‘तांदूळ संपले’ असंही म्हणत नाही. ‘तांदूळ भरायला झाले’ म्हणते. सगळी माणसं जिभेला कुलूप लावून बसलेली. मग अन्यायाला अन्याय कोण म्हणणार?

म्हणून मी परवाच्या सभेत जाहीर केलं. हॉल भरला होता. म्हणालो, “आइसलँड देशातल्या त्या बाईला मी इथून सांगतो, तुझ्या पुढच्या पुस्तकात तंजावूरच्या या गुरुराजाला घाल. नाव घाल, गल्ली घाल, आणि मारून दाखव. पुस्तक आलं की याच व्यासपीठावर उभा राहून मी माझं मरण तुम्हाला तमिळमध्ये वाचून दाखवीन.” टाळ्या थांबेनात.

रघुपती नंतर म्हणाले, “सर, तुमच्या भाषणांनी आम्ही इतकी वर्षं मरतो आहोत, आता एकदा तुमची पाळी.” तहसीलदारकी गेली तरी खोड जात नाही.

तेव्हा हिल्दुरबाईंना माझा निरोप दे. आणि कार्तिकला व तुला आशीर्वाद, ते मात्र खरे होतात हं.

गुरुराजकाका

&nbsp;

रेक्याविक,
२५ फेब्रुवारी १९९६

काका,

हे पत्र मोठ्याने वाचू नका. निदान काकू घरात असताना नको.

तुम्ही सभेत बोलून मोकळे झालात. मला इथे तिच्या घरात राहायचं आहे. तिच्या पायांचा आवाज माझ्या छतावर असतो.

हिल्दुर साठीची आहे. तिच्या वडिलांचं नाव केतिल, म्हणून ती केतिल्सदोत्तिर, केतिलची मुलगी. इथे आडनावं नसतात, टेलिफोनच्या डिरेक्टरीतही माणसं पहिल्या नावाने सापडतात. एवढासा देश. कादंबरीत कुणाचं नुसतं नाक वर्णन केलं तरी लोक ओळखतात हे कुणाचं. लग्नाआधी ती गावच्या मासळीच्या कारखान्यात होती. हात सतत ओले, कागद धरता यायचा नाही, म्हणून अख्ख्या कविता पाठ करून घरी न्यायची. तिच्या तिन्ही कादंबर्‍या त्याच गावाच्या. भावाची होडी गेली तेव्हा तिच्या आईने तिची सगळी पुस्तकं बाहेर पायरीवर ठेवली, पावसात. मरेपर्यंत तिच्याशी बोलली नाही. हे तिने मला भांडी पुसता पुसता सांगितलं. रडली नाही.

तुमचा निरोप मी सांगायचा नाही असं ठरवलं होतं. पण तिने विचारलं, “तुझ्या काकांचं काय आलं?” मला खोटं बोलता आलं नाही. तिने कप खाली ठेवला.

“तो मस्करी करतो आहे का?”

“व्यासपीठावर ते मस्करी करत नाहीत.”

“त्याला भीती वाटत नाही?”

“नाही,” मी म्हटलं. अभिमानाने म्हटलं, काका.

ती कप विसळायला उठली. मग म्हणाली, “मग तो मला दिसणं कठीण आहे. मला माणूस त्याच्या भीतीतून दिसतो. त्याला सांग, सकाळपासून रात्रीपर्यंतचा त्याचा एक दिवस लिहून पाठव. काय बघतो, काय ऐकतो, काय हातात घेतो. जे पाठवेल त्यातूनच मी लिहीन, बाहेरचं काही घालणार नाही. पण मी लिहिलं तर थांबवता येत नाही, हेही सांग.”

दुसर्‍या दिवशी तिच्या टाइपरायटरवरचं फडकं काढलेलं दिसलं. चार वर्षांत पहिल्यांदा.

कार्तिक हसतो. तो दिवसभर वाफेचे दाब मोजतो, त्याला हसता येतं. मला नाही येत. शब्द मागे घ्या ना काका. एक पोस्टकार्ड टाका, ‘गंमत होती’ म्हणून. तुमचा मान इथे कोण बघायला येतंय?

अखिला

&nbsp;

तंजावूर,
२० मार्च १९९६

चि. अखिला,

शब्द मागे घ्यायला मी काय निवडणुकीला उभा आहे?

पत्र अर्थात मोठ्यानेच वाचलं. तुझी काकू तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. म्हणजे कामापुरतं बोलते. “जेवायला या.” “पाणी तापलंय.” काल तेवढं म्हणाली, “मरणाला घरचा पत्ता कुणी देतं का हो?” मी म्हटलं, “त्याला पत्ता आधीच ठाऊक असतो.” तर उठून गेली.

आता हिल्दुरबाईंसाठी माझा दिवस. नीट भाषांतर कर, आळस करू नको.

पहाटे जाग येते ती कॉफीच्या डिकाशनच्या वासाने. खाली येतो तोवर अंगण शिंपलेलं, दारात रांगोळीचा कोलम् काढलेला असतो. चष्मा पुसून टेबलावर असतो. आदल्या दिवशी भाषणाची टिपणं मी कुठेही विसरलो असलो, तिण्णैवर, न्हाणीघरात, एकदा तर विहिरीच्या कट्ट्यावर, ती सकाळी टेबलावर येऊन पडलेली असतात. स्नानाला पाणी तापलेलं. नेसायची वेट्टी घडी करून खुर्चीवर. मग वर्तमानपत्रं. हल्ली त्यांत बातम्यांपेक्षा टीव्हीच्या आणि कोलाच्या जाहिरातीच जास्त. गल्लीत केबलच्या तारा अशा लोंबतात की राजवाड्याच्या भिंतीलाही गळफास बसेल. त्यावर मी एक भाषण करणार आहे.

नंतर मी माडीवर जातो. तिथे फेर्‍या घालत मोठ्याने तयारी करतो. मधल्या वेळी दुसरी कॉफी येते. आपला जिना तुला आठवतो ना, अरुंद आणि चढा. तुझी काकू वळणावरच्या खिडकीपाशी थांबते. तिची धाप वर ऐकू येते. तेवढ्यावरून मला कळतं, कॉफी येते आहे. मग मी आवाज आणखी चढवतो, म्हणजे तिलाही दोन विचार ऐकायला मिळावेत.

दुपारी जेवण, संध्याकाळी सभा किंवा रघुपती. रघुपतींचं वर्णन मुद्दाम देत नाही, नाहीतर ते फुकट अमर होतील. रात्री झोप गाढ. भीतीचा रकाना रिकामा, असं कळव.

माझा फोटो सोबत आहे. डावीकडे अर्धी कापली गेली ती तुझी काकू. फोटोग्राफरने मला मधोमध घेतलं.

गुरुराजकाका

&nbsp;

रेक्याविक,
२ ऑगस्ट १९९६

काका,

इतके महिने लिहिलं नाही, रागावू नका. उन्हाळा होता. इथे उन्हाळ्यात सूर्य मावळत नाही, झोप लागत नाही, आणि वर टाइपरायटर चालू असतो. तो थांबला की जास्त भीती वाटते.

पुस्तक लिहून झालं आहे. इथे सगळी पुस्तकं नाताळच्या आधी एकदम येतात, हेही तेव्हाच येईल. मला तिने वाचायला दिलं. तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगते, विचारू नका.

काकू कशा आहेत? त्यांच्याबद्दल तुम्ही नीट काही लिहीत नाही. त्यांना धाप लागते ती कधीपासून? डॉक्टरला दाखवलं का? चांगल्या डॉक्टरला, गल्लीतल्या नव्हे. कृपा करून दाखवा आणि मला काय ते सविस्तर कळवा. आणि कॉफी तुम्ही खाली येऊन घ्या ना. सवयच करा.

अखिला

&nbsp;

तंजावूर,
५ सप्टेंबर १९९६

चि. अखिला,

तुझं पत्र दोनदा वाचलं. ‘विचारू नका’ म्हणतेस, म्हणजे मी मेलोच. अभिनंदन! तोंड चुकवायला काकूच्या तब्येतीची चौकशी करतेस, हे न कळायला मी काय तुझा कार्तिक आहे?

गावात आता हा एक खेळ झाला आहे. न्हावी विचारतो, “सर, छापून आलं का?” आणि वस्तरा गळ्याशी धरून विचारतो. सभेला बोलावतात ते माझं ऐकायला नाही, मी अजून आहे का ते पाहायला.

तुला म्हणून एक सांगतो. परवा नारळाची झावळी माझ्या पुढ्यात पडली. झाडावरून झावळी पडायचीच. पण मी तिथे उभा राहिलो आणि पाय उचलेना. आता रस्त्याने जाताना वर बघतो. वर बघत चाललो म्हणून टाउन बसखाली जाता जाता राहिलो. इडलीचा घास नीट चावतो. डाव्या हाताला कळ आली तेव्हा देवाचं नाव तोंडात आलं, अखिला, माझ्या तोंडात! मग कळलं, छत्री दिवसभर त्याच हातावर अडकवली होती. हसशील. रघुपती तर हसून हसून खोकले. मीही हसलो. पण हसताना मला माझा आवाज परका वाटला.

हे फक्त शरीराचं चाललं आहे. बुद्धी जागेवर आहे. निव्वळ कुतूहल म्हणून विचारतो, मी कशाने मरतो? पाण्याने, आगीने, वाहनाने? घरात की बाहेर? एवढं एक कळव. कळलं की बाकीच्या गोष्टींना तरी निर्धास्तपणे सामोरा जाईन.

तुझ्या काकूला दाखवलं. झडपेचं काहीतरी आहे म्हणतात, लहानपणच्या तापाने राहिलेलं. नोव्हेंबरात मद्रासला ऑपरेशन करावं लागेल. मद्रासला आता चेन्नई म्हणायचं म्हणे. डॉक्टर म्हणाले काळजीचं कारण नाही. माझ्यासाठी कसलंसं व्रत धरून बसली आहे, उपास करते, त्यानेच धाप वाढली असेल.

गुरुराजकाका

&nbsp;

रेक्याविक,
२४ सप्टेंबर १९९६

काका,

हे पत्र मनात वाचा. पहिल्यांदा, मनात.

पुस्तकात तुम्ही मरत नाही. काकू मरतात.

‘झडप’ हा शब्द तुमच्या पत्रात वाचला आणि पत्र हातात घेऊन तशीच उठले. मग वर गेले आणि हिल्दुरशी भांडले. ओरडले. “मारायला त्यांनी स्वतःला दिलं होतं, दुसर्‍याला का हात लावलास?” ती पांढरी पडली होती. तुमचं मार्चचं पत्र तिने समोर धरलं, मी केलेलं भाषांतर. म्हणाली, “यात तो कुठे आहे ते तू मला दाखव. यात एक आवाज आहे. पाणी कोण तापवतं? कागद कोण उचलून आणतं? जिन्यात कोण थांबतं? मी महिनाभर त्या म्हातार्‍याला शोधलं, मला तीच दिसत राहिली.”

शेवटचं प्रकरण सांगते, मग तुम्हीच ठरवा. म्हातारा माडीवर बोलतो आहे. विषय, माणसाने भिऊ नये. खाली बाई कॉफी घेऊन जिना चढते. वळणावरच्या खिडकीपाशी थांबते. श्वास यायची वाट बघते. तो येत नाही. तिला हाक मारायची असते, पण वरचा आवाज फार मोठा असतो. सांडू नये म्हणून ती टंबलर आधी नीट खाली ठेवते. मग बसते. वर म्हातार्‍याला धाप ऐकू येते, म्हणून तो आवाज चढवतो. पुस्तक तिथे संपतं.

बाईला त्यात नाव नाही. मी विचारलं, का? ती म्हणाली, “त्याच्या पत्रात नव्हतं. मी कुठून घालू?”

काका, तिला ऑपरेशनचं कळल्यापासून ती खात नाही. तिने प्रकाशकाकडे छपाई थांबवली आहे. म्हणते, “त्याने स्वतःला दिलं होतं. तिला देण्याचा त्याला काय अधिकार? त्या बाईला विचार. ती नको म्हणाली तर मी कागद जाळते, आणि मग पुन्हा लिहीत नाही.” ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत उत्तर हवं, नाहीतर या वर्षी पुस्तक येणार नाही.

काकूंना कसं विचारणार? ऑपरेशनच्या तोंडावर? ज्या बाई ‘तांदूळ संपले’ म्हणत नाहीत त्यांना? मी तुम्हालाच विचारते. तुम्ही म्हणत आला आहात, शब्दाने माणूस मरत नाही. खरंच मरत नाही ना, काका?

कार्तिकच्या ऑफिसचा फॅक्स नंबर खाली देते आहे.

अखिला

&nbsp;

(फॅक्स) तंजावूर,
९ ऑक्टोबर १९९६

अखिला,

थांबव. छापू देऊ नको. जाळायला सांग. आजच.

कोपर्‍यावरच्या कामाक्षीच्या बूथवरून पाठवतो आहे. तुझ्या काकूला मी काही सांगितलेलं नाही, आणि सांगणार नाही. तूही नको.

तू प्रश्न विचारलास, त्याचं उत्तर माझ्याजवळ होतं. आयुष्यभर तेच देत आलो. तुझं पत्र हातात आलं तेव्हाही मनात वाक्यं तयार होती, चांगली वाक्यं. मग आत भांडं पडल्याचा आवाज झाला आणि मी धावलो. भांडंच पडलं होतं. ती म्हणाली, “एवढं काय झालं, पातेलं तर आहे.” मी ते उचलून ठेवलं.

मी भ्यालो आहे. स्वतःच्या मरणाला भ्यालो तेव्हा त्यात थोडी मजा होती, आता कळतं. ही भीती वेगळी आहे. माडीवर जात नाही. सकाळपासून स्वयंपाकघराच्या दाराशी बसतो आणि तिचा श्वास ऐकतो. जिन्याकडे ती वळली की हातातलं काढून घेतो. ती विचारते, “तुम्हाला बरं नाही का?” वळणावर रोज थांबते ती, रोज, आणि मी त्याला कॉफीची वर्दी समजत होतो.

शब्दाने माणूस मरत नाही हे मला ठाऊक आहे. पण हे माणूस पणाला लावून मला सिद्ध करायचं नाही. बाईंची क्षमा माग. त्यांचं लिहिणं माझ्यामुळे सुरू झालं आणि माझ्यामुळे संपतं आहे, तेही पाप माझं.

थांबवलंस एवढं कळव.

गुरुराज

&nbsp;

(फॅक्स, तमिळ अक्षरांत लिहिलेली मराठी) तंजावूर,
११ ऑक्टोबर १९९६

कण्णा अखिला,

मला बाळबोध लिहिता येत नाही, तुला ठाऊक आहे. म्हणून आपली भाषा तमिळ अक्षरांत लिहिते आहे. हळूहळू वाच.

तुझ्या काकांनी परवा बूथवर फॅक्स दिला आणि मूळ कागद तिथेच विसरून आले. ते कागद विसरतातच. कामाक्षीने तो मला आणून दिला. “मामी, हे मराठी आहे वाटतं, तुम्हीच बघा.” मला तरी कुठे वाचता येतं? मी तो त्यांच्या पुढ्यात ठेवला आणि म्हटलं, “वाचा. मोठ्याने वाचा.” नको नको म्हणाले. तुझं पत्र आल्यापासून ते मनात वाचायला लागले होते, तेव्हाच मला कळलं होतं घरात काहीतरी शिरलं आहे. मग वाचलं त्यांनी. तुझं पत्रही वाचलं. वाचताना लहान पोरासारखे रडले. मी म्हटलं, “बरं केलंत थांबवलंत.” त्यांना झोप हवी होती. दोन घास खाऊन झोपले.

मी जागी राहिले. अय्यो, किती भ्याले म्हणून सांगू. जिन्याकडे बघवेना. मी मानते ग हे सगळं. वास्तू तथास्तु म्हणते, कवीचा शब्द लागतो, सगळं मानते. तुझ्या काकांसारखं मला भाषण येत नाही. डॉक्टरांनी मला एकटीला घेऊन सांगितलं आहे, उठेन किंवा उठणार नाही. तेही यांना ठाऊक नाही.

पण सकाळी अंगण शिंपताना माझ्या मनात आलं, इतकी वर्षं त्या वळणावर मी थांबते. खिडकीतून मोठ्या देवळाचं शिखर दिसतं, ते बघते, श्वास येतो, मग चढते. हे कुणालाच ठाऊक नाही. यांना नाही, तुला नाही, माझ्या आईलाही नव्हतं. आणि बर्फातल्या एका बाईला ते दिसलं. मला न बघता तिने मला तिथे थांबलेली पाहिलं. आता ते जाळायचं? मग मी तिथे कधी थांबलेच नाही असं होईल.

तिला सांग, छाप.

एक चूक आहे ती सुधार म्हणावं. टंबलर मी खाली ठेवणार नाही. जिन्यावर ठेवला तर उतरताना यांच्या पायाला लागेल. खिडकीच्या कोनाड्यात ठेवीन.

आणि माझं नाव घाल म्हणावं. बिननावाची मला मारू नका. अलमेलु. जिथे जिथे ‘बाई’ आहे तिथे अलमेलु. नावानिशी लिहिलं तर शब्द जास्त लागतो, असं आमच्याकडे म्हणतात. तिच्याकडेही म्हणत असतील. लागू दे.

तिला म्हणावं तू भिऊ नको, तुझ्या भावाचं तू काही केलं नाहीस. मला हे खरं वाटत नसताना सांगते आहे, पण तू तिला खरं वाटेल असं सांग.

यांना मात्र थांबलं आहे असंच वाटू दे.

अलमेलुकाकू

&nbsp;

तंजावूर,
२२ डिसेंबर १९९६

चि. अखिला,

घरी आलो. ती चालते आहे! अंगणात, हळूहळू, भिंतीला धरून. काल मला रागे भरली, मी रस्समात मीठ दोनदा घातलं म्हणून. जगात इतकं गोड बोलणं मी ऐकलं नव्हतं.

ऑपरेशन लांबलं. बाहेर बाकावर मी आणि रघुपती. डॉक्टर एकदा बाहेर आले आणि न बोलता आत गेले, तेव्हा रघुपतींनी माझा हात धरला. तो माणूस त्या दिवशी एकही विनोद बोलला नाही, त्यावरून ओळख. मी तिथे बसून एकच गोष्ट घोकत होतो, ते पुस्तक थांबलं आहे, ते पुस्तक थांबलं आहे. तू ‘फॅक्स मिळाला, काळजी करू नका’ एवढंच कळवलं होतंस, त्या कागदाची घडी खिशात होती. त्यावर हात ठेवून बसलो होतो. आणि अलमेलु उठली.

मी आता विचार केला आहे, आणि विचार केला की बोललं पाहिजे, हा माझा धर्म तुला माहीत आहे. प्रजासत्ताकदिनाला सभा आहे. जिथे मी ते आव्हान दिलं तोच हॉल. लोकांना वाटतं मी माझं मरण वाचून दाखवणार. मी उभा राहून सांगणार आहे, की मी चुकलो. एक पुस्तक निघणार होतं, ते मी थांबवलं, म्हणून माझी बायको आज चालते आहे. शब्दाला भ्या. तुमच्या आज्या बरोबर होत्या आणि हा गुरुराज आयुष्यभर चुकीचं ओरडत होता. लोक हसतील. हसू देत. खोट्या धैर्यापेक्षा खरी भीती बरी.

हे बोलणं मला सोपं जाणार नाही. मी कोण होतो ते सगळं त्या दिवशी त्या हॉलमध्ये सोडून यायचं आहे. पण तिच्या बदल्यात ते काहीच नाही.

हिल्दुरबाईंना माझे हात जोडून नमस्कार. त्यांनी कागद जाळले, माझ्यावर उपकार केले.

गुरुराजकाका

&nbsp;

(पाकिटाच्या आतल्या बाजूस, तमिळ अक्षरांत)

कण्णा, पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं, म्हणून लिहिते.

मद्रासला निघायच्या आदल्या दिवशी कामाक्षीच्या बूथवर तुझा फोन आला, पुस्तक दुकानांत लागलं म्हणून, माझ्या नावासकट. ते मनात घेऊनच मी त्या टेबलावर झोपले. सुई टोचेपर्यंत भीत होते. आणि उठले.

आता हे हॉलमध्ये उभे राहून काय सांगणार आहेत ते तू पत्रात वाचलंस, मी ते लिहिताना मोठ्याने बोलत होते तेव्हा ऐकलं. माझ्यामुळे यांना असं बोलू द्यायचं नाही मला.

पुस्तक पाठव. रजिस्टर पोस्टाने, त्यांच्या नावावर. ऑपरेशनच्या आधी ते छापलं होतं हे कळेल अशी तारीख त्यावर असेल तर तिथे खूण कर. सभेच्या आधी पोचलं पाहिजे.